बंडांतील पूर्वजांचा शोध : आयर्लंड, इ. स. १७९८

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हांस "धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या" ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय ऐकूनच कित्येकांच्या डोळ्यांवर झापड येण्याचा संभव आहे, हें आम्ही जाणून आहों. बाप्तिस्म्याची वही म्हटली कीं ती दाखला पाहिजे असेल तेव्हांच आठवावयाची, एरव्हीं तिनें कपाटांत पडून राहावें, असाच आपणां सर्वांचा व्यवहार. म्हणून आम्हीं विषय तोच ठेवून देश मात्र दुसरा घेतला आहे. आयर्लंडांत इ. स. १७९८ सालीं जें बंड झालें, त्यांत लढलेल्या माणसांचे वंशज आज आयर्लंडांत, ऑस्ट्रेलियांत आणि अमेरिकेंत पसरलेले आहेत, आणि त्यांतील कित्येक आपल्या त्या पूर्वजांचा माग काढण्यांत आयुष्याचीं बरींच वर्षें खर्च करितात. हा माग ज्या कागदांवरून निघतो त्यांत धर्मग्रामाच्या वहीचें स्थान कोणतें, आणि मागाच्या शेवटीं माणसाच्या हातीं खरोखर काय येतें, एवढेंच सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम त्या बंडाची हकीकत सांगितली पाहिजे. अठराव्या शतकांतील आयर्लंडांत बहुसंख्य प्रजा कॅथलिक, पण राज्य इंग्लंडच्या राजाचें आणि जमिनी बहुतेक प्रॉटेस्टंट जमीनदारांच्या, अशी स्थिति होती. ज्या देवळांत आपण कधीं पाऊल टाकीत नाहीं त्या देवळाच्या धर्मगुरूंसाठीं कॅथलिक शेतकऱ्यानें दशमांश द्यावा, आणि पार्लमेंटांत मात्र त्याच्या धर्माच्या माणसास बसतां येऊं नये, असा कायदा होता. १७९१ सालीं बेलफास्ट येथें "युनायटेड आयरिशमेन" ह्या नांवाची सभा निघाली. तिचे उत्पादक बहुतेक प्रॉटेस्टंटच होते. वुल्फ टोन हा त्यांतील अग्रणी. सर्व पंथांच्या लोकांनीं एक होऊन देश इंग्लंडच्या हातांतून सोडवावा, हा तिचा पुढें ठरलेला हेतु. सरकारनें दडपतांच ती गुप्त झाली, सभासदांस शपथा देऊं लागली, फ्रान्सकडे मदत मागूं लागली. आणि १७९८ च्या मे महिन्याच्या २३ तारखेच्या रात्रीं डब्लिनच्या आसमंतांत बंडाला तोंड लागलें.

बंड उत्तरेसहि झालें आणि पश्चिमेसहि झालें; पण वंशजांचा ओघ सर्वांत अधिक वळतो तो वेक्सफर्डकडे. हा आग्नेय कोपऱ्यांतील परगणा. तेथें बूलाव्होग नांवाच्या खेड्यांत फादर जॉन मर्फी हे सहायक धर्मगुरु होते. स्पेनमधील सेव्हिल येथें त्यांचें अध्ययन झालें होतें. त्यांच्यासंबंधीं एक गोष्ट बहुधा सांगावयाची राहून जाते : आरंभीं त्यांनीं आपल्या लोकांस शस्त्रें सरकारांत जमा करून राजनिष्ठेची शपथ घ्या, असाच उपदेश केला होता. परंतु शस्त्रें दिल्यानें जाच थांबला नाहीं. घरें जळत राहिलीं, फटके बसत राहिले, आणि संशयितांच्या डोक्यावर तापल्या डांबराची टोपी बसविण्याचा अघोर प्रकारहि चालूच राहिला. २६ मेच्या सायंकाळीं हॅरो ह्या ठिकाणीं सरकारी घोडेस्वारांशीं चकमक झाली, आणि तेथून पुढें फादर मर्फी लोकांच्या अग्रभागीं दिसतात. दुसऱ्याच दिवशीं ऊलार्टच्या टेकडीवर भाले आणि शेतीचीं हत्यारें घेतलेल्या ह्या जमावानें नॉर्थ कॉर्क मिलिशियाची एक तुकडी जवळ जवळ नाहींशी केली. २८ मे रोजीं एनिस्कॉर्थी पडलें. ३० मे रोजीं वेक्सफर्ड शहर. पण ५ जूनला न्यू रॉस येथें व ९ जूनला आर्क्लो येथें त्यांची वाट अडली, आणि २१ जून रोजीं व्हिनिगर हिल ह्या टेकडीवर जनरल लेकच्या तोफांपुढें मुख्य जमाव फुटला. फादर मर्फी पुढें टलो ह्या गांवीं पकडले गेले. त्यांस फांशी देऊन त्यांचा देह जाळण्यांत आला.

ह्या लेकचें नांव मराठी माणसास अपरिचित नसावें. हाच जनरल पुढें हिंदुस्थानांत सरसेनापति होऊन आला, आणि १८०३ सालीं दिल्ली व लासवारी येथें त्यानेंच शिंद्यांच्या फौजा मोडल्या. त्या वेळीं आयर्लंडवर लॉर्ड लेफ्टनंट म्हणून आलेला कॉर्नवॉलिस हाहि १७८६ पासून १७९३ पर्यंत आपल्याकडे गव्हर्नर जनरल होता. एकाच दौतींतील शाई दोन देशांच्या दफ्तरांत कशी वाहते, तें पाहण्यासारखें आहे. पण तो आजचा विषय नव्हे.

त्या उन्हाळ्यांत सबंध आयर्लंडांत मेलेल्यांची संख्या दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत सांगतात. अंदाजांत इतकें अंतर कां, ह्याचें उत्तरच आपल्या विषयाचें उत्तर आहे. भाला घेऊन टेकडीवर उभ्या राहिलेल्या माणसांचीं नांवें त्यांच्या बाजूनें फारशीं कोणी लिहून ठेविलींच नाहींत. ज्या सैन्यास पगार नाहीं त्यास हजेरीपट नाहीं. आणि ज्या सभेची शपथ घेणें हाच गुन्हा, तिचा सभासद यादी जपून ठेवण्यापेक्षां चुलींत घालणें पसंत करील. मग आज जीं नांवें सांपडतात तीं आलीं कोठून? तीं सरकारनें लिहिलीं. बातमीदारांचीं पत्रें, कैद्यांच्या जबान्या, लष्करी न्यायालयांचे निकाल, शस्त्रें खालीं ठेवून अभयपत्र घेऊन जाणाऱ्यांच्या याद्या, तुरुंगांचे व कैदी वाहणाऱ्या जहाजांचे कागद, असा हा संग्रह. त्याचा फार मोठा भाग डब्लिनच्या किल्ल्यांत जमला, आणि आज "बंडाचे कागद" ह्या नांवानें तो तेथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत आहे. ज्या हातांनीं फांशीचा हुकूम लिहिला, त्याच हातांनीं पणतूच्या पणतूसाठीं नांव जपलें.

ह्यांतून मोठी विचित्र निवड झाली. जो पहिल्याच हल्ल्यांत पडला आणि कोठल्यातरी खळग्यांत पुरला गेला, त्याचें नांव बहुधा नाहीं. जो लढून, रात्रीं शेताच्या बांधाबांधानें घरीं परतला आणि सकाळीं नांगर धरून उभा राहिला, त्याचेंहि नाहीं. जो पकडला गेला, ज्याची कोणी चहाडी केली, किंवा ज्यानें अर्ज केला, त्याचेंच नांव उरलें.

ह्या अर्जांविषयीं जरा सविस्तर बोललें पाहिजे, कारण वंशजांची खरी परीक्षा येथेंच होते. दफ्तरखान्यांत १७९६ पासून १७९९ पर्यंतच्या राजकीय कैद्यांच्या अर्जांचा एक निराळाच संग्रह आहे. कैदी स्वतः अर्ज करी. कैद्याची बायको करी, आई करी. कधीं शेजारीपाजारी व गांवचे प्रतिष्ठित लोक सह्या करीत. लिहितां येत नसे तो लेखनिकाकडून लिहवून घेऊन खालीं फुली मारी. आतां अशा अर्जांत काय असावयाचें? "आमच्या माणसानें भाला घेतला, आणि प्रसंग आल्यास पुन्हां घेईल," असें कोणती आई लिहील? ती लिहिते कीं, बंडवाल्यांनीं त्यास घरांतून ओढून नेलें. तो त्या दिवशीं तेथें नव्हताच. उलट त्यानें एका राजनिष्ठ शेजाऱ्याचा जीव वांचविला. घरीं लहान मुलें आहेत, म्हातारे आईबाप आहेत, दया करावी.

मेलबर्नमधील एखाद्या कुटुंबाची कल्पना करा. त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले असतात कीं, आमचा मूळ पुरुष व्हिनिगर हिलवर लढला. नातू म्हातारपणीं डब्लिनला जातो, बरेच दिवस पानें उलटतो, आणि अखेर एक कागद मिळतो. नांव तेंच, गांव तेंच, बायकोचें नांवहि तेंच. आणि त्या कागदावर तो मूळ पुरुष शपथपूर्वक सांगत असतो कीं, मी लढलों नाहीं. त्या नातवानें काय समजावें? आमचें मत असें कीं, फांशीच्या छायेंत बोललेल्या शब्दावरून त्या माणसास भित्रा ठरविण्याचा अधिकार सुखांत वाढलेल्या वंशजास नाहीं. पण तो शब्द खोटाच होता असें गृहीत धरून त्यास वीर ठरविण्याचाहि नाहीं. त्या धांदलींत खरोखर निरपराध माणसेंहि थोडींथोडकीं पकडलीं गेलीं नव्हतीं, आणि कित्येकांस धड चौकशीवांचून समुद्रापार धाडण्यांत आलें. साक्षीदाराची जबानी मिळाली, मॅजिस्ट्रेटचें पत्र मिळालें, तरच पुढें बोलावें. दुसरा कागद मिळेपर्यंत पहिल्या कागदास गप्प बसूं द्यावें.

येथवर सरकारी कागदांची गोष्ट झाली. पण सरकारी कागद फक्त एवढें सांगतो कीं, अमुक नांवाचा मनुष्य अमुक दिवशीं कैदेंत होता. तो मनुष्य तुमचा कोण, हें तो सांगत नाहीं. वेक्सफर्डांत मर्फी, डॉईल, कॅव्हना, बर्न, रोश ह्या आडनांवांचीं माणसें पावसाळ्यांतल्या तेरड्यासारखीं. आणि त्यांत जॉन, जेम्स, पॅट्रिक हींच तीनचार नांवें पुन्हां पुन्हां. बंदीशाळेंतला जेम्स डॉईल आणि तुमच्या वंशावळींतला जेम्स डॉईल एकच, हें ठरवावयाचें कशानें? त्यासाठीं धर्मग्रामाची वही लागते.

ती वही हातीं लागते ह्याचीहि एक कथा आहे. १९२२ सालच्या जून महिन्याच्या ३० तारखेस, आयरिश यादवी युद्धाच्या अगदीं आरंभीं, डब्लिनमधील फोर कोर्ट्स येथील सरकारी दफ्तरखाना स्फोट होऊन जळाला. शतकानुशतकांचे कागद राखेच्या रूपानें शहरावर उडाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार शिरगणत्यांचे कागद जवळ जवळ सारे गेले. जीं मृत्युपत्रें तेथें होतीं, तीं गेलीं. सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चच्या जुन्या वह्या कायद्यानें तेथें आणून ठेविल्या होत्या. त्यांतील निम्म्याहून अधिक वह्या नष्ट झाल्या. बंडाचे कागद मात्र किल्ल्यांत, निराळ्या कचेरींत असल्यामुळें राहिले. आणि कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्याहि राहिल्या, कारण त्या कोणी मागितल्याच नव्हत्या. ज्यांच्या वह्या मानानें मागून नेल्या त्यांच्या जळाल्या. ज्यांच्या वह्यांस कोणी विचारलें नाहीं, त्यांच्या धर्मगुरूंच्या घरांतील कपाटांत, ओलींत आणि वाळवींत कां होईना, पण शाबूत राहिल्या.

पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें हजाराहून अधिक धर्मग्रामांच्या वह्यांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि २०१५ च्या जुलै महिन्यांत सुमारें १८८० पर्यंतचीं हीं पानें संगणकावर सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. पानांच्या प्रतिमांची संख्या तीन लाख सत्तर हजारांहून अधिक आहे. ज्यासाठीं पूर्वीं महिनोन्‌महिने प्रवास करावा लागे, तें काम आज मुंबईंत बसूनहि करतां येईल. अर्थात् वाचतां आलें पाहिजे; तें आमच्या अनुभवानें निराळें शास्त्र आहे.

वही बहुधा लॅटिनमध्यें किंवा इंग्रजींत लिहिलेली असते. बाळाचें नांव, बापाचें नांव, आईचें माहेरच्या आडनांवासह नांव, धर्मपिता व धर्ममाता, आणि दैव चांगलें असेल तर वाडीचें नांव. लॅटिन आली कीं जेम्सचा याकोबुस होतो आणि विल्यमचा गुलिएल्मुस. एवढें आपणांसहि परिचित आहे, कारण आपल्या पूर्वजांचीं नांवेंहि अशींच वेष पालटून वहींत बसलेलीं असतात. पण आयर्लंडांत ह्याशिवाय दुसरी मौज आहे. आयरिश भाषेंतील नांव इंग्रजींत नीट बसेना म्हणून लिहिणारा त्यास जवळपासचें एखादें नांव चिकटवी. टाइग ह्या नांवाचा थॅडियस झाला, डिअर्मुदचा जेरेमाया झाला. वेक्सफर्डांत तर फर्न्सच्या संत एडनचें घरगुती नांव मोग; तें मोग नांव इंग्रजी कागदांत कधीं एडन होतें, तर कधीं चक्क मोझेस होतें. आपल्या वंशांत कोणी यहुदी होता कीं काय, अशा कोड्यांत पडलेल्या वंशजास अखेर कळतें कीं, तो मोझेस म्हणजे शेजारच्या शेताचा मोग.

वहींतील सर्वांत बोलका रकाना धर्मपिता व धर्ममाता ह्यांचा. आपल्याप्रमाणेंच तेथेंहि त्या मानासाठीं भाऊ, बहीण, मेहुणा, शेजारी ह्यांसच बोलावीत. पांच मुलांच्या बाप्तिस्म्याच्या पांच नोंदी एकाखालीं एक मांडल्या कीं दहा माणसें उभीं राहतात, आणि त्या दहांवरून घराचा सारा गोतावळा दिसूं लागतो. तीच नांवें जर बंडाच्या कागदांत एका वाडीच्या कैद्यांच्या यादींत शेजारीं शेजारीं आलीं, तर वंशजाचें हृदय धडधडूं लागल्यास त्यास दोष देतां येणार नाहीं. मुलांचीं नांवें ठेवण्याचा क्रमहि उपयोगी पडतो : पहिल्या मुलास बापाच्या बापाचें नांव, दुसऱ्यास आईच्या बापाचें, पहिल्या मुलीस आईच्या आईचें, दुसरीस बापाच्या आईचें. नातवास आजोबांचें नांव देण्याची चाल आपल्याकडे असल्यामुळें ह्याचें मर्म आपणांस समजावून सांगावें लागणार नाहीं. मात्र मूल लहानपणींच दगावे, नांव पुन्हां दुसऱ्यास दिलें जाई, क्रम मोडे. म्हणून ह्यास पुरावा न म्हणतां खूण म्हणावें.

बंडाचा उल्लेख त्या वहींत शोधूं नये. धर्मगुरु बाळाचें नांव लिहीत होते, इतिहास नव्हे. पण एखाद्या स्त्रीचें मूल १७९९ च्या आरंभीं जन्मलें आणि त्यापुढें त्या बापाचें नांव वहींत पुन्हां आलेंच नाहीं. दोन वर्षांनीं तीच स्त्री विधवा म्हणून दुसऱ्याशीं लग्न लावते. एवढ्यावरून जाणत्या शोधकास पुष्कळ समजतें. अर्थात् त्या काळची वही असली तर. वेक्सफर्ड शहराची वही सतराव्या शतकापासूनची आहे. पण खेड्यापाड्यांच्या कित्येक वह्या एकोणिसाव्या शतकांतच सुरू होतात. त्यांत बंडाच्या वेळीं व त्यानंतर त्या भागांत अनेक कॅथलिक देवळें जाळलीं गेलीं. बूलाव्होगचें देऊळहि जळालें. जेथें वही नाहीं तेथें १८२३ नंतर झालेल्या दशमांशाच्या आकारणीच्या वह्या, आणि १८४७ पासून १८६४ पर्यंतची ग्रिफिथ ह्यांची जमीनपाहणी, ह्यांचा आधार घ्यावा लागतो. तोंपर्यंत बंडवाल्याचा मुलगा किंवा नातू त्याच शेताचें कूळ असला, तर दुवा जुळतो. सर्व प्रजेच्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८६४ सालीं सुरू झाली, म्हणजे आपल्या कामाच्या दृष्टीनें फारच उशिरां.

शोधाची रीत एकच : आपल्यापासून मागें जावें, वीरापासून खालीं येऊं नये. लोक नेमकें उलटें करितात. आडनांव मर्फी असलें कीं फादर मर्फींपासून आरंभ होतो! ते कॅथलिक धर्मगुरु होते, त्यांचे वंशज असणें शक्य नाहीं, एवढें तरी आपल्यासारख्या धर्मग्रामांत सांगावें लागूं नये. फार तर त्यांच्या भावाबहिणींचे वंशज असतील. बंडांत दुसरेहि एक फादर मर्फी होते, मायकेल नांवाचे. ते आर्क्लोच्या लढाईंत पडले. तेव्हां नुसत्या आडनांवानें कांहींच सिद्ध होत नाहीं. अलीकडे लाळेची परीक्षा करून रक्ताचें नातें सांगण्याची सोय झाली आहे, आणि दूरचे चुलतभाऊ जोडण्यास ती खरोखर कामास येते. पण कोणाच्या हातांत भाला होता, हें लाळ सांगूं शकत नाहीं.

आतां थोडें अप्रिय बोलणें भाग आहे. सात पिढ्या मागें गेलें म्हणजे प्रत्येक मनुष्यास १२८ पूर्वज होतात. वेक्सफर्डांतील एखाद्या जुन्या घराण्याच्या १२८ पूर्वजांपैकीं सारे एकाच बाजूस उभे होते, असें मानणें बाळबोध होय. ऊलार्टला जी नॉर्थ कॉर्क मिलिशियाची तुकडी कापली गेली, तिच्यांतील सामान्य शिपाई बहुतेक कॅथलिक होते. त्यांच्याहि घरीं आया होत्या आणि त्यांच्याहि नांवांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी होत्या. फर्न्स धर्मप्रांताचे बिशप जेम्स कॉलफील्ड ह्यांनीं बंडास विरोध केला, आणि बहुसंख्य धर्मगुरु बंडापासून दूर राहिले. बंडाचा वेक्सफर्डांतील एक मुख्य पुढारी बॅगनल हार्वी हा प्रॉटेस्टंट जमीनदार होता. आणि न्यू रॉसच्या लढाईच्याच दिवशीं, ५ जून रोजीं, स्कलाबोग येथें बंडवाल्यांनीं कैद केलेल्या शंभराहून अधिक माणसांस ठार केलें. त्यांतील बहुतेकांस एका कोठारांत कोंडून जाळलें. त्यांत बायका होत्या, मुलें होतीं. बहुतेक प्रॉटेस्टंट, कांहीं कॅथलिकहि. २० जून रोजीं वेक्सफर्डच्या पुलावर कैद्यांस भाल्यांवर घेऊन नदींत टाकलें. ज्यास आपला पूर्वज बंडांत होता हें सिद्ध करावयाचें आहे, त्यानें तो त्या दोन दिवशीं कोठें होता हाहि प्रश्न विचारण्याची तयारी ठेवावी. निम्मा वारसा घेतां येत नाहीं.

समुद्रापार गेलेल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. बंडानंतर काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पुष्कळांस न्यू साउथ वेल्सला धाडलें. मिनर्व्हा आणि फ्रेंडशिप हीं जहाजें १८०० सालीं सिडनीस लागलीं. कोणास किती वर्षांची शिक्षा आणि कोणत्या गुन्ह्याबद्दल, ह्याचे कागद ह्या आयरिश जहाजांबरोबर धड आले नाहींत, अशी तेथील गव्हर्नरांचीच तक्रार होती. आणि आयर्लंडांत राहिलेल्या शिक्षेच्या जुन्या वह्या १९२२ सालीं जळाल्या. म्हणून ऑस्ट्रेलियांतील वंशजास पुन्हां त्या अर्जांकडेच यावें लागतें. १९८८ सालीं आयर्लंडनें ऑस्ट्रेलियास तिच्या द्विशताब्दीची भेट म्हणून ह्या साऱ्या कागदांच्या प्रती दिल्या. देशांनीं एकमेकांस दिलेल्या भेटींत आम्हांस तरी ही फार उचित वाटते.

फ्रेंडशिप जहाजांतून वेक्सफर्डचे फादर जेम्स डिक्सन गेले. त्यांच्याविरुद्धचा पुरावा अगदीं डळमळीत होता. १८०३ सालच्या मे महिन्याच्या १५ तारखेस त्यांनीं सिडनी येथें सरकारच्या परवानगीनें उघडपणें मिस्सा अर्पण केला; कैदी धर्मगुरु, कैदी मंडळी. पुढच्याच वर्षीं मार्च महिन्यांत कॅसल हिल येथील आयरिश कैद्यांनीं फिलिप कनिंगहॅमच्या नेतृत्वाखालीं पुन्हां बंड केलें, तें मोडलें गेलें, आणि परवानगी काढून घेण्यांत आली. जेथें तें मोडलें त्या टेकडीसहि लोक व्हिनिगर हिलच म्हणूं लागले. वंशजांच्या घरांतील "व्हिनिगर हिल" ही आयर्लंडांतली कीं ऑस्ट्रेलियांतली, हा प्रश्न म्हणून आधीं विचारावा लागतो.

विकलोच्या डोंगरांत १८०३ च्या डिसेंबरापर्यंत टिकून राहिलेला मायकेल ड्वायर १८०६ सालीं ज्या जहाजानें सिडनीस पोंचला, त्याचें नांव टेलिचेरी. म्हणजे आपल्या मलबारांतील तलसेरी. हा बंडवाला पुढें तेथें पोलीस अंमलदार झाला. १८९८ सालीं, बंडाच्या शताब्दीस, त्याच्या व त्याच्या पत्नीच्या अस्थि मोठ्या मिरवणुकीनें वेव्हर्लीच्या दफनभूमींत नेऊन पुरल्या. त्याच सुमारास आयर्लंडांतहि पुतळे उभारण्याची लाट आली. वेक्सफर्ड आणि एनिस्कॉर्थी येथील भालाईतांचे पुतळे त्या लाटेंतले. आमचा असा कयास आहे कीं, घराघरांतील "आमचा आजा लढला" ह्या कथांपैकीं बऱ्याच कथांस त्याच वर्षीं कंठ फुटला. त्याआधीं तें बोलण्यांत धोका होता. त्यानंतर न बोलण्यांत कमीपणा वाटूं लागला. म्हणून कथा कोणी सांगितली ह्याबरोबर कधीं सांगितली, हेंहि टिपून घ्यावें. १९३७ पासून १९३९ पर्यंत आयर्लंडांतील शाळकरी मुलांनीं घरच्या वृद्धांकडून ऐकून हजारों गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या, त्यांतहि ९८ सालच्या गोष्टी आहेत. त्या आतां छापील इतिहासाइतक्याच जपून ठेविल्या आहेत. वंशावळ लिहितांना प्रामाणिक शोधक "लढला", "पकडला गेला" आणि "लढला असें सांगतात" हे तीन शब्दप्रयोग निरनिराळे ठेवितो. तिसऱ्याची त्यास लाज वाटत नाहीं.

स्त्रियांचीं नांवें ह्या तिन्हींत क्वचितच सांपडतात. ॲन डेव्हलिन ही विकलोची, ड्वायरच्या नात्यांतली. १८०३ सालीं रॉबर्ट एमेटनें डब्लिनमध्यें जें बंड केलें, त्या वेळीं ती त्याच्या घरीं काम करीत होती. शिपायांनीं तिला अर्धवट फांशी देऊन एमेटचा ठावठिकाणा विचारला. तिनें सांगितला नाहीं. घरच्या सर्व मंडळीस तुरुंगांत टाकलें, आणि तिचा लहान भाऊ त्या तुरुंगाच्या तापानें मेला. तरीहि तिनें सांगितलें नाहीं. तिनें भाला घेतला नव्हता. युनायटेड आयरिशमेनचा चरित्रकार डॉक्टर मॅडन ह्यानें १८४० च्या सुमारास वृद्ध बंडवाल्यांना आणि त्यांच्या नातलगांना शोधून शोधून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, तेव्हां ती डब्लिनमध्यें दारिद्र्यांत दिवस काढीत असलेली त्यास सांपडली. १८५१ सालीं ती वारली. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमींत तिच्या थडग्यावर नांवाचा दगड बसविला तोहि मॅडननेंच.